दारू स्वस्त, शर्टाचं काय?

बोईसरहून बातम्या पाठवायला लागून मला अठरा वर्षं झाली. आमच्या पट्ट्यातून पेपरला काय चालतं ते झोपेतही सांगेन: रिअ‍ॅक्टरचा स्फोट, नाल्यावर आलेला रंगीत फेस, गेटवर बसलेले कंत्राटी कामगार, लोकलची गर्दी. व्यापार करार ही दिल्लीची बातमी. ती आयती यायची, आम्ही फार तर शेवटी 'स्थानिक प्रतिक्रिया' चिकटवायची.

४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने बँकॉकमध्ये, चीनचा समावेश असलेल्या आरसेप या व्यापार करारातून अंग काढून घेतलं. त्या रात्रीही मी स्थानिक प्रतिक्रियाच शोधली. आमच्या तारापूर एमआयडीसीत डाईचं इंटरमीडिएट बनवणाऱ्या एका कारखानदाराला फोन लावला. चिनी मालाचा त्याने धसका घेतला होता आणि तो धसका खोटा नव्हता. "त्यांचा तयार माल माझ्या कच्च्या मालाच्या भावात पडतो," असं तो म्हणाला. मथळा झाला, 'तारापूरच्या उद्योगांना दिलासा'. मीही मनापासून खूश. आसियान आणि कोरियाशी झालेले करार २०१० पासून लागू झाले, त्यानंतर आयात कशी वाढली हे युनियनच्या सभांत इतक्यांदा ऐकलं होतं की करार म्हणजे आपलं दार सताड उघडं टाकणं, असं माझं मत पक्कं झालं होतं.

जुलै २०२५ मध्ये त्याला तडा गेला. २४ तारखेला ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी जो पेपर उघडावा त्यात स्कॉच: जकात १५० टक्क्यांवरून ७५, मग दहा वर्षांत ४०. खालोखाल ब्रिटिश मोटारी. मी तेच वाचून, तेच चघळत एका शिलाई कारखान्याच्या गेटवर चहा पीत उभा होतो. शिफ्ट सुटली होती. कॉलर बसवणाऱ्या एका बाईने मला ओळखलं.

"दादा, तुमच्या पेपरात दारू स्वस्त झाली. आमच्या शर्टाचं काय?"

मला उत्तर येईना. मागून येणाऱ्या सुपरवायझरने ते दिलं. आपला शर्ट ब्रिटनमध्ये उतरला की त्याच्यावर बारा टक्क्यांपर्यंत जकात, बांगलादेशच्या शर्टावर शून्य. खरेदीदार एकेक पेनीसाठी घासाघीस करतो, तिथे हा फरक कुठून भरून काढायचा? आता सह्या झाल्यात, करार लागू झाला की आपलीही शून्यावर येईल. बाईला हे सगळं पाठ होतं. लेबलवर कुठल्या देशाचं नाव शिवायचं यावर आपली हजेरी ठरते, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

याच कारखान्यातली कामगारकपात करोनाच्या आधी मीच छापली होती. 'व्यवस्थापनाची मनमानी', गेटसभेचा फोटो, चार कॉलम. मनमानी होतीच. पण ऑर्डर गेली कुठे, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. बांगलादेश हा शब्द त्या बातमीत नव्हता.

घरी येऊन २०१९ ची वही काढली. (रद्दी घालवायची बायकोची भुणभुण मी कधी ऐकली नाही, त्याचं हे एवढंच चीज.) कारखानदाराच्या बोलण्याची दोन वाक्यं होती. पहिलं छापलेलं. दुसरं माझ्याच अक्षरात: 'चीनशी नको. युरोप, इंग्लंडशी करा, आम्ही सह्यांना हजर राहू.' त्यावर आडवी रेघ. डेस्कने नव्हे, मी मारलेली. 'दिलासा' या मथळ्यात ते बसत नव्हतं.

आणखी एक सांगून टाकतो. २०१९ च्या त्या रात्री मी ज्यांना फोन करणार होतो ती यादी आमच्या दिवाळी पुरवणीच्या जाहिरातदारांची होती. नंबर हाताशी होते म्हणून. चीनहून रसायनाचे ड्रम मागवून त्यावर धंदा करणारा, अर्ध्या गाळ्यातला माणूस त्या यादीत नव्हता. त्याला आरसेप हवा होता, हे मला फार उशिरा समजलं. कॉलर बसवणारी बाई तर जाहिरात देतच नाही.

आता मी ब्रिटनच्या कराराच्या बाजूने आहे. आरसेपबद्दल माझं मत मात्र फारसं बदललेलं नाही. कोणाशी करायचा आणि कशात करायचा, एवढा फरक मला सहा वर्षं दिसला नव्हता. त्यात २७ ऑगस्टला अमेरिकेची जकात ५० टक्क्यांवर गेली, तेव्हा जी मंडळी पूर्वी माझ्याशी सबसिडी सोडून दुसरं काही बोलत नसत, तीही ब्रिटनचा करार कधी लागू होणार ते विचारू लागली.

शर्टाची बातमी मी दिली. आतल्या पानावर, एक कॉलम. शेजारी ब्रिटिश मोटारीचा फोटो, तीन कॉलम.

कात्रण घेऊन गेटवर गेलो. बाईने ते वाचलं, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "मग ऑर्डर कधीपासून?"

तारीख मला सांगता आली नाही.