सेबचा रस: कधी दवा, कधी नुसती साखर

आमच्या देवगाव रंगारीत आजारी माणसाच्या इयादतीला सहसा कोणी रिकाम्या हाताने जात नाही. पूर्वी पिशवीत मोसंबी किंवा बिस्किटांचे पुडे असत. आता त्यात सेबच्या रसाचा खोका असतो. मराठीच्या तासाला मी याच फळाला सफरचंद म्हणते, उर्दूच्या तासाला आणि घरी सेब. नाव कोणतेही घ्या, घराघरांत त्याला दवेचा मान आहे. हा मान फळाचा आहे की रसाचा, हे मात्र आपण फारसे विचारत नाही.

एका मध्यम सेबमध्ये सालीसकट सुमारे 4 ग्रॅम तंतू असतात. पोट साफ ठेवणे आणि साखर रक्तात हळूहळू जाऊ देणे, हे त्यांचे काम. रस काढला की हे तंतू गाळणीतल्या चोथ्यात राहतात. पेल्यात उरते पाणी, थोडे पोटॅशियम आणि साखर. 200 मिली शुद्ध रसात साधारण 20 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते, तीही वरून एक दाणा न घालता. एक अख्खे सेब चावून खायला दहा मिनिटे लागतात आणि पोट भरते. दोन-तीन सेबांचा रस आपण एका दमात पितो आणि भूक तशीच राहते.

ही झाली शुद्ध रसाची गोष्ट. दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारे 'अ‍ॅपल ड्रिंक' वेगळे. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अशा पेयात किमान 10 टक्के फळाचा रस असला तरी चालते. बाकी पाणी, साखर आणि सुवास. 2024 च्या जून महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, संहत रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला कंपन्यांना सांगितले. म्हणून भगिनींनो, खोक्यावरचे लालचुटुक चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्याचाही अभ्यास होईल.

दुसरा समज लोहाचा. कापलेले सेब तपकिरी पडते, म्हणजे त्यात लोह भरपूर, असे मुलींच्या आया मला सांगतात. खरे तर फळातले एक विकर हवेशी भिडते आणि रंग बदलतो. वर्गात आम्ही दोन फोडी ठेवून पाहतो. एकीवर लिंबू पिळतो, ती बराच वेळ पांढरी राहते. 100 ग्रॅम सेबमध्ये लोह जेमतेम 0.1 मिलिग्रॅम असते. फिकट पडलेल्या मुलीला रस पाजून रक्त वाढणार नाही. तिला कलेजी, हरभरे, मेथी द्या, वर लिंबू पिळा आणि डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत जपायचे ते जुलाबात. लहान मुलाला हगवण लागली की घरात लगेच गोड रसाचा खोका उघडला जातो. निव्वळ रसातली जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. त्यातून जाणारे मीठही रसाने भरून निघत नाही. तिथे ओआरएसच हवे. गोड, फळांच्या चवीची पेयेही ओआरएसच्या नावाने विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे त्याविरुद्ध लढल्या. अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली. सरकारी दवाखान्यात खरी पुडी मोफत मिळते. ती एक लिटर पाण्याची असेल तर पूर्ण एक लिटरच पाणी घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला तर रस देऊच नये. उकडून कुस्करलेले सेब सहा महिन्यांनंतर चालते.

मग हा रस टाकाऊच का? नाही. ज्या गुणाने तो एकाला बाधतो, त्याच गुणाने दुसऱ्याला वाचवतो. माझ्या अम्मींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एका रमजानात असरनंतर त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. यंत्रावर साखर 62 आली. "मगरिबला थोडाच वेळ राहिलाय, बेटा," असे म्हणून त्या रोजा सोडायला तयार होईनात. अब्बांनी शांतपणे सांगितले, "अल्लाहने आजाऱ्याला सवलत दिली आहे, ती नाकारायची नसते." आम्ही त्यांना अर्धा पेला सेबचा रस पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, आकडा वर आला होता. मग त्यांनी थोडी पोळी-भाजी खाल्ली. तो रोजा त्यांनी नंतर कजा केला.

साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात. अशा वेळी सुमारे 15 ग्रॅम साखर चटकन पोटात जायला हवी; 150 मिली रसात ती असते. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा लागते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

रोजच्या घरात एवढे पाळले तरी पुरे. मुलांना फळ चावून खाऊ द्या. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर टोपल्यांत मिळणारे पेरू क जीवनसत्त्वात आणि तंतूंत सेबच्या कितीतरी पुढे आहेत, आणि स्वस्तही. इफ्तारला रस हवाच असेल तर अर्धा रस, अर्धे पाणी आणि भिजवलेला सब्जा घाला. घरी काढलेला रस त्याच दिवशी संपवा, ठेवला तर आंबतो. चोथा फेकू नका, कणकेत मळून गोड पराठे करा. इयादतीला जाताना आधी विचारा, घरात साखरेचा आजार आहे का. आणि ज्या घरात इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे कोणी रोजे धरतात, त्या घरात रमजानआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. शुद्ध रसाचा एक छोटा खोका मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.