लाली-पावडर, कॅमेरा आणि चळवळ

आम्ही तिघी मैत्रिणी दर आठवड्याला मोबाईलवर एक व्हिडिओ करतो. विषय असतात शिष्यवृत्तीचे, अॅट्रॉसिटी कायद्याचे, गावातल्या स्मशानभूमीच्या वादाचे, कधी एखाद्या पुस्तकाचे. कॅमेरा सुरू करण्याआधी आम्ही मेकअप करतो आणि तो आमचा आम्हीच करतो. चळवळीतल्याच काही बांधवांना हे खटकते. विचार मांडायला लाली-पावडर कशाला? 'ताई, तुम्ही कार्यकर्त्या की हिरॉईन?' असे एका दादांनी सरळ विचारले. हेच दादा जयंतीच्या आदल्या रात्री मिशीला कलप लावतात, कडक इस्त्रीचा शर्ट घालतात. त्याला व्यक्तिमत्त्व म्हणायचे आणि आमच्या फाउंडेशनला नटवेपणा म्हणायचे, हा न्याय कुठला?

आपण काय घालावे, कसे दिसावे हा प्रश्न आपल्यासाठी कधीच फालतू नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, फुटक्या भांड्यात जेवावे असे लिहून ठेवले आहे. म्हणजे माणूस दुरून ओळखता यावा, ही सोय धर्मानेच केलेली. म्हणूनच 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि अंगावरच्या चांदी-कथलाच्या दागिन्यांवर बोलले. ज्या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता त्या खुणा टाका, असा त्याचा आशय होता. एवढ्या मोठ्या लढ्याच्या धामधुमीत त्यांना साडीच्या निऱ्या क्षुल्लक वाटल्या नाहीत. मग आम्हाला आमचा चेहरा का क्षुल्लक वाटावा?

पण कोणी म्हणेल, ही सवर्णांची नक्कलच झाली. तर आम्ही नेमके काय करतो आणि काय करत नाही, ते सांगतो.

आमच्यातल्या एकीला एका वाहिनीने चर्चेला बोलावले होते. तिथल्या मेकअपवाल्याकडे गोऱ्या रंगाच्या तीन-चार शेड होत्या, आमच्या रंगाची एकही नव्हती. त्याने हातात आली ती थापली. पडद्यावर तिचे तोंड राखेसारखे करडे आणि मान सावळी दिसत होती. ती निर्वाह भत्त्याचे आकडे सांगत होती आणि घरचे लोक फोन करून विचारत होते, 'तुझी तब्येत बरी नाही का?' दुसऱ्याच्या हातात आपला चेहरा द्यायचा नाही, हे आम्ही त्या दिवसापासून ठरवले.

मग शिकायला लागलो तेव्हा कळले की कॅमेराही निष्पक्ष नसतो. अमेरिकेत कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग बरोबर आले का हे तपासायला 'शर्ली कार्ड' नावाचे कार्ड वापरत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा नीट आली म्हणजे रंग बरोबर, असा मापदंड. काळ्या माणसांचे चेहरे फोटोत काळवंडून जात, त्याची कंपनीला फारशी फिकीर नव्हती. चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा कुठे फिल्म सुधारायला लागली. माणसांपेक्षा चॉकलेटची दाद आधी लागली!

मोबाईलचा कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो. आपली बाई 14 ऑक्टोबरला पांढरी साडी नेसून पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली, की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला. तो सगळे दृश्य अंधारे करतो. साडी छान येते आणि सावळा चेहरा गडप होतो. डोळे, ओठ, बोलतानाचे हावभाव काही दिसत नाही. बोलणारीचा चेहराच दिसला नाही तर तिचे म्हणणे कोण दोन मिनिटे ऐकेल? यावर साडी बदला असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पांढरी भिंत सोडा, मागे निळे कापड लावा, खिडकीकडे तोंड करून बसा आणि स्क्रीनवर आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरतो.

मेकअप त्यानंतर, आणि तोही थोडा. फाउंडेशनची शेड आम्ही मनगटावर बघत नाही. जबड्याच्या कडेला लावतो आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन बघतो. चेहरा आणि मान यांच्यात रेघ दिसली नाही की तीच शेड आपली. दुकानदार हमखास दोन नंबर उजळ शेड पुढे करतो, ती परत करायची. कपाळ आणि नाक चमकतात, तिथे पावडरचा हलका हात. नाहीतर दिव्याखाली घामाचे पांढरे डाग उठतात. काजळ, आणि ओठ उठून दिसतील असा विटकरी किंवा गडद जांभळट रंग. गोरे दिसण्यासाठी यात काहीच नाही. 1975 पासून या देशात गोरेपणाचे क्रीम विकले गेले, 2020 मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' गेला. लोकांच्या डोक्यातला अजून गेलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. आमच्यातली तिसरी गोरी आहे. तिला लोक म्हणतात, 'तुम्ही वाटत नाही हो!' काय वाटत नाही, ते मात्र बोलत नाहीत. 'सुपर 30' आणि 'बाला'मध्ये गोऱ्या कलाकारांना काळे फासून गरीब किंवा कुरूप ठरवण्यात आले, त्यामागेही हाच हिशेब आहे. अस्पृश्यांचा वंश वेगळा, हे मत बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात पुराव्यानिशी खोडून काढले. जात कातडीवर दिसत नाही, ती बघणाऱ्याच्या नजरेत असते. म्हणून आमची गोरी मैत्रीण कॅमेऱ्यासमोर सावळी होत नाही आणि आम्ही दोघी उजळ होत नाही.

आमचे खरे भांडण सध्या मोबाईलमधल्या ब्युटी मोडशी आहे. कित्येक फोनमध्ये तो आधीपासूनच सुरू असतो. चेहरा आपोआप उजळ होतो, गाल घासून गुळगुळीत होतात, आणि मुलींना वाटते की आपण अशाच दिसतो. परवा वसतिगृहातली एक मुलगी आमच्याकडे व्हिडिओ शिकायला आली. मेसमधल्या जेवणाबद्दल आणि थकलेल्या भत्त्याबद्दल ती इतकी नेमकी बोलली की आम्ही तिघीही गप्प होऊन ऐकत राहिलो. रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही तो मोड बंद केला होता. व्हिडिओ बघून ती म्हणाली, 'ताई, ही मी नाही.' आम्ही तिच्या रंगाची शेड शोधली, खिडकीपाशी बसवले, पुन्हा रेकॉर्ड केले. या वेळी ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. व्हिडिओ तिने अजून टाकलेला नाही, पण पुसलेलाही नाही.