टोपीखालचे चेहरे

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्या घरात कुणाला फोटोचं वेड होतं, त्या घराला रात्री दहानंतर मोरी मिळत नसे. आमच्याकडे काका, तुमच्याकडे मामा असेल. खिडकीला काळं कापड, लाल झिरोचा बल्ब, स्टुलावर एन्लार्जर, खाली डेव्हलपर, पाणी आणि हायपोचे ट्रे. आत शिरलेल्या पोरांना दोन सक्त ताकिदी: दार उघडायचं नाही, आणि हायपोची बोटं डेव्हलपरमध्ये बुडवायची नाहीत.

खरी कसोटी लग्नाच्या ग्रुप फोटोची. भर उन्हात मंडळी ओळीने उभी; आजोबांचं धोतर पांढरंफटक, टोपीच्या सावलीतले चेहरे काळेठिक्कर. कागद ठरीव ग्रेडचा, सॉफ्ट, नॉर्मल नाहीतर हार्ड. मग काका सायकलच्या आरीला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडात हलवत राहायचे. हे डॉजिंग. हात थांबला की चेहऱ्याभोवती प्रभावळ उमटायची, आणि मग सगळेच आजोबा संत दिसायचे! त्यानंतर पुठ्ठ्याच्या भोकातून, नाहीतर वळलेल्या हाताच्या फटीतून, एकट्या धोतराला जादा उजेड. हे बर्निंग.

मल्टिग्रेड कागद इल्फर्डने 1940 सालीच आणला होता. आमच्या मोरीत यायला त्याने फार वर्षं घेतली. त्यावर हिरवा उजेड सौम्य छटा देतो, निळा कडक. म्हणून एकाच कागदावर दोन एक्स्पोजर: आधी निळा उजेड अडवणाऱ्या पिवळ्या 00 फिल्टरमधून, मग हिरवा अडवणाऱ्या गडद गुलाबी 5 नंबरमधून. मग डॉजिंगही फिल्टर बघून व्हायला लागलं. सौम्य फेरीत चेहऱ्यावर टिकली फिरवायची, कडक फेरीत फिरवायची नाही. चेहरा उजळतो, पण डोळे आणि मिशी काळीच राहते. धोतराला जादा उजेड फक्त 00 मधून. चुण्या दिसतात, काठ बरबटत नाही. नुसत्या ग्रेडच्या कागदावर हे साधणं महाकठीण.

फोटोशॉपमध्ये डॉजच्या खुणेला काडीवरची टिकली आहे आणि बर्नच्या खुणेला वळलेला हात. नातवंडांना तो हात कशाचा, ते सांगावं लागतं.

कपाटं आवरताना निगेटिव्हची पाकिटं रद्दीत घालू नका. मल्टिग्रेड कागद आजही तयार होतो, आणि त्या निगेटिव्हवरून आजही प्रिंट काढता येतो.