मु. पो. सेंट मेरी मीड, ता. अलिबाग

डिटेक्टिव्ह म्हटला की पाईप, भिंग आणि लांब कोट! आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत निदान तसेच डिटेक्टिव्ह जास्त होते. पण मला त्या कपाटातली सगळ्यात आवडायची ती मिस मार्पल. पांढऱ्या केसांची, बिनलग्नाची म्हातारी, हातात सदा विणकाम. ना वर्दी, ना ऑफिस, ना फी. ॲगाथा ख्रिस्तीने १९३० साली 'मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्ये तिला कादंबरीत आणलं आणि पुढे तिच्या एकूण १२ कादंबऱ्या झाल्या. खून होतात, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. चहा, बागकाम आणि शेजारपाजारच्या गप्पा यांतूनच खुनी सापडतो.

तिची मेथड एकदम साधी. समोरचा माणूस कितीही बडा असो, त्याला बघून तिला आपल्या सेंट मेरी मीड गावातलं कोणीतरी आठवतं. एखादी मोलकरीण, एखादा दुकानातला पोऱ्या. तो तेव्हा जसा वागला तसाच हाही वागणार! झालं, तिथून धागा सुटायला लागतो.

मराठीत असं कोण आहे म्हणून शोधायला गेले, तर हाती लागला फास्टर फेणे. माझा मराठी वाचायचा स्पीड म्हणजे पॅसेंजर गाडी, आणि हिरो मात्र फास्टर! भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, तोंडाने 'ट्टॉक्' करणारा. दूरदर्शनवर तो सुमीत राघवनने केला, २०१७ च्या सिनेमात अमेय वाघने. सिनेमातला तर मेडिकलची एंट्रन्स द्यायला पुण्यात येतो, म्हणजे आपल्याच जातीचा की! फेणेचं डोकं थंड असतं हे कबूल. पण संकट दिसलं की हा निघालाच पळत. मार्पल एका जागी बसून असते. अशी बसून विचार करणारी म्हातारी मी वाचलेल्या मराठीत तरी मला भेटली नाही. का बरं? आपल्या गावांत म्हाताऱ्या कमी आहेत का? मला वाटतं, ख्रिस्ती ज्याला तपास म्हणते त्याला आपण नसत्या चौकशा म्हणतो आणि विषय संपवतो.

माझी आजी नागावला असते. अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीपलीकडे समुद्र. एका मे महिन्यात माडीवर टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा गेल्या. हसू नका, अलिबागचा पांढरा कांदा आहे तो, लोक मुंबईहून येऊन घेऊन जातात. आदल्या दिवशी नारळ पाडायला एक मुलगा आला होता. काकाचा निकाल तयार! मजुरी द्यायची नाही, पुन्हा बोलवायचं नाही. आणि नागावात एका घरी 'चोर' ठरलं की दुसऱ्या दिवशी दहा घरचं काम जातं. त्या मुलाच्या घरी खाणारी पाच तोंडं होती.

आजी सुपारी कातरत होती. म्हणाली, "अरे, पुढची रांग तशीच आहे ना? मागच्या रांगेतल्या गेल्या. मागे रांग आहे हे त्याला कसं कळणार? तो अंगणाच्या आत आलाय का कधी?"

काका म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी बसलेच आहे," आजी म्हणाली. "तू त्याचे पैसे दे आणि चहा पाज. सगळ्यांसमोर, ओटीवर."

दिले त्याने. आईपुढे त्याचं काय चालणार!

माळा टांगायला त्या वर्षी तीन घरची माणसं मदतीला आली होती. संध्याकाळी आजी त्या तिन्ही घरी जाऊन बसून आली. कांद्याचं नावसुद्धा काढलं नाही म्हणे. गुडघेदुखी, लग्नं, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, एवढंच बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही माळा मागच्या पडवीत! त्यातली एक अर्धी झालेली. आजीने त्या परत टांगल्या. आणि दुपारी एका घरी पायलीभर तांदूळ पाठवले, ते मात्र स्वतः नेऊन दिले, आम्हाला कोणाला बरोबर घेतलं नाही. नाव तिने आजवर सांगितलेलं नाही. काका अजून विचारतो. मी दर सुट्टीत त्या तिन्ही घरी चहाला जाते, माणसं निरखून बघते, आणि परत आले की आजी विचारते, "काय गं, साखर किती घातली होती?"