धूर काळा की निळा?

बर्मिंगहॅममध्ये मार्च महिन्यातही सकाळी हातमोज्यांशिवाय बाहेर पडवत नाही. अशाच एका रविवारी एका मराठी घराच्या परसातल्या शेडमध्ये बाबा मोटरसायकलला किक मारत होते. सातव्या किकेला ती सुरू झाली आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला. शेजारच्या बाईंनी दोरीवरचे कपडे घाईघाईने आत नेले.

"बाबा, आता पुरे झालं. विकून टाकू या ही," स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली.

बाबांनी इंजिन बंद केले. "खरं आहे तुझं. इंजिन संपलंय बहुधा. तिचंही वय झालं."

ती होती 1968 सालची बीएसए थंडरबोल्ट, 650 सीसीची, याच शहरातल्या स्मॉल हीथच्या कारखान्यात जन्मलेली. बाबा 1970 साली पुण्याहून इथे आले, फिटर म्हणून कामाला लागले आणि पाच वर्षांनी त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. मागच्या सीटवर पदर खोचून आई बसायची. आईला जाऊन आता सव्वा वर्ष झाले होते. तेव्हापासून मुलगी, जावई आणि नातू बाबांकडेच राहायला आले होते. बाबांचे जेवण, औषधे, बँकेचे कागद, सारे मुलगीच बघे. बाबा कोपऱ्यावर पेपर आणायला गेले तरी तिचा फोन येई.

गाडी विकायची, हे जवळजवळ ठरलेच होते. तेवढ्यात बारा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, धूर काळाच का येतो?"

बाबा सवयीने सांगू लागले, "धुराचा रंग बघावा. निळा असेल तर इंजिनात तेल जळतंय, म्हणजे रिंगा झिजल्या. काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी..." आणि ते मध्येच थांबले. इंजिन संपले, असा निकाल त्यांनी दिला होता खरा; पण धूर तर निळा नव्हताच!

त्यांनी स्पार्क प्लग काढला. तो तेलकट नव्हता. त्यावर कोरडी काजळी होती, बोटाला लागेल अशी. "अरे, ही तर आमच्या पुण्याच्या घरातल्या स्टोव्हसारखी गत झाली," ते म्हणाले. रॉकेलचा स्टोव्ह नीट तापण्याआधीच पंप मारला, की रॉकेलची वाफ होत नाही, ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. इंजिनाचेही तसेच असते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटरचे. पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त झाले, की मिश्रण 'रिच' झाले असे म्हणतात.

मात्र थंड इंजिनाला सुरुवातीला असे रिच मिश्रणच लागते. गारठ्यात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. बरेचसे थेंबांच्या रूपात थंड धातूला चिकटून राहते. म्हणून चोकने हवा कमी करायची, म्हणजे पेट्रोल जास्त ओढले जाते. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर बहुधा 'अमल' कार्ब्युरेटर असे. 1927 साली तीन कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी झाली, तीही बर्मिंगहॅमचीच. या कार्ब्युरेटरच्या बाजूला एक छोटे बटण असते. ते दाबले, की आतला तरंगता फ्लोट खाली जातो आणि पेट्रोलची पातळी चढते. चोक म्हणजे हवेच्या वाटेत उतरणारी एक पट्टी. हँडलवरच्या तरफेची केबल तिला वर ओढते आणि स्प्रिंग तिला खाली ढकलते. इंजिन तापू लागले, की पट्टी हळूहळू पूर्ण वर घ्यायची. गरम इंजिनाला ना बटण लागते, ना चोक.

बाबांनी एअर फिल्टर काढून पाहिला. तो स्वच्छ होता. कुठे पेट्रोलही ठिबकत नव्हते. आता सुईची जागा बदलून बघावी, असे नातवाला वाटले. "घाई नको. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. चार ठिकाणी हात घातला तर खरा दोष कोणता ते कळतच नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी नातवाला कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड धरायला सांगितले आणि तरफ फिरवली. पट्टी जागची हलली नाही. केबल आतल्या टोकाशी तुटली होती! तरफ हाताला फिरल्यासारखी वाटत होती, पण स्प्रिंगने पट्टी खालीच दाबून धरली होती. म्हणजे गाडी सारा वेळ चोक लावूनच चालत होती.

"पण पेट्रोल जास्त मिळालं तर बिघडलं कुठे?" मुलीने विचारले. एव्हाना तीही शेडमध्ये आली होती.

"अगं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. वंगण गेलं, की धातूवर धातू घासतो. जे थंडीत आधार होतं, तेच पुढे झीज करतं. त्यात हवा अपुरी पडते, म्हणून वेग वाढवायला गेलं की इंजिन गुदमरतं."

मुलगी काही बोलली नाही. त्या पहिल्या थंडीत बाबांना खरोखरच कुणाचा तरी हात हवा होता. रात्री उठून ते आईला हाक मारत. तेव्हा तिने सारे अंगावर घेतले, ते योग्यच होते. पण नंतर? आता बाबा स्वतःचा चहासुद्धा तिला विचारून करत होते. 'माझं वय झालं' असे ते म्हणू लागले, ते कधीपासून बरे?

आठवड्याने नवी केबल आली. ती बाबांनीच बसवली. गाडी विकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पुढच्या रविवारी गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली. दोनेक मिनिटांत त्यांनी चोक थोडा थोडा करत पूर्ण उघडला. सायलेन्सरमधून येणारा धूर विरळ होत दिसेनासा झाला.

"फार तर तासाभरात येतो," हेल्मेटचा पट्टा लावत बाबा म्हणाले.

तास झाला, सव्वा तास झाला. मुलीने दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. मग तिने चहाचे आधण ठेवले. ते उकळू लागले, तेव्हा गल्लीच्या टोकाशी तो ओळखीचा आवाज ऐकू आला.