माळ्यावरचा नाताळ

सालवडचा नाताळ रस्त्यावर येत नाही. वसईत डिसेंबर लागला की नंदाखालपासून पापडीपर्यंत ठिकठिकाणी येशूजन्माचे गोठे उभे राहतात आणि लोक रात्री जेवणं आटोपून ते बघायला निघतात. आमच्याकडे, बोईसरच्या पश्चिमेला, तारापूर एमआयडीसीला खेटून असलेल्या या गावात डिसेंबरही इतर महिन्यांसारखाच तीन पाळ्यांत विभागलेला असतो. पहिल्या पाळीची माणसं परततात, दुसऱ्या पाळीची निघतात, आणि या येण्याजाण्यात एखाद्या गॅलरीत चांदणी दिसली तर तिथे आपल्यातलं कुणीतरी राहतं एवढं कळतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मागोमाग कारखाने आले आणि कारखान्यांमागोमाग माणसं आली. केरळची, उत्तर प्रदेश-बिहारची, गुजरातची, खानदेशातली. वसईची आमच्यासारखीही काही, ज्यांच्या वाड्या भावाभावांत वाटून केळीच्या दोन-चार ओळींपुरत्या उरल्या होत्या. पप्पा नंदाखालहून आले, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि सालवडला खोली घेतली. नाताळला गावी जायचं हे ठरलेलं असे, पण पाळी कुणाला चुकत नाही आणि प्लांट सणासाठी थांबत नाही. म्हणून इथल्या खोलीतही नाताळ मांडायची पद्धत पडली. तो सगळा नाताळ एका खोक्यात राहतो.

खोका सुमीत मिक्सरचा. मिक्सर केव्हाच गेला. खोक्याच्या कडांवर चिकटपट्टीचे थर चढत गेले आहेत, आत डांबराच्या गोळ्या, कापूस, निव्हियाची एक निळी डबी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूर्ती. आई कागद बदलत नसे. एका मेंढरावर अजून कुठल्याशा कसोटी सामन्याचा धावफलक आहे, दुसऱ्यावर बोईसरच्या दुकानाची साड्यांची जाहिरात. ‘सुवार्ता’ मासिकाचं पान मात्र तिने कधी गुंडाळायला वापरू दिलं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक होते त्या काळातले अंक कपाटात वेगळे रचलेले असत, आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा तिने ते सगळे खाली काढून पुसून पुन्हा लावले.

चांदणी खोक्यात मावत नाही, ती माळ्यावर खिळ्याला टांगलेली असते. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ. शेजारी आकाशकंदील करत तेच सामान. आमच्या चाळीत तुळशीची लग्नं झाली की दिवाळीचे कंदील उतरायचे, आणि थोड्याच दिवसांत पप्पा चांदणी चढवायचे. सुरुवातीला लोक विचारत, अहो, तुमची दिवाळी अजून उतरली नाही का? मग कळलं तशी शेजारची मुलंच कामट्या धरायला येऊ लागली. एका वर्षी कंदिलाच्या उरलेल्या कागदाने चांदणीचा फाटलेला कोपरा चिकटवला गेला. कागद नंतर कितीदा बदलला, पण त्या कोपऱ्याला तोच गुलाबी लावायचा, असं आईने ठरवून टाकलं आणि अजून तसाच लागतो.

मला खरं सांगायचं आहे ते या दुरुस्त्यांबद्दल. आईवडील गेल्यावर त्यांच्या वस्तू हातात घेताना लोक वस्तूकडे बघतात. मीही बघत होते. पण या खोक्यात विकत आणलेलं जे काही आहे ते कुणाच्याही घरात असेल. क्रॉफर्ड मार्केटला त्या काळी हीच काचेची फळं, हीच चमकी, याच प्लास्टरच्या मूर्ती मिळत. आमच्या आईपप्पांचं असं त्यात काय आहे? जिथे मोडलं आणि जिथे जोडलं, तेवढंच. तिथे त्यांचे हात आहेत.

दिव्यांची माळ घ्या. ही जुनी, तारेच्या दिव्यांची सिरीज. बारा-बारा व्होल्टचे वीस दिवे एकामागून एक जोडलेले, घरातला २३० व्होल्टचा दाब आपसांत वाटून घेणारे. त्यातल्या एकाची तार तुटली की सगळी माळ विझते आणि कोणता गेला ते नुसतं बघून कळत नाही. पप्पा एक चांगला दिवा हातात घेऊन पहिल्या होल्डरपासून बसत. जुना काढायचा, हातातला बसवायचा, बटण दाबायचं. नाही? बटण बंद, पुढचा. आई म्हणायची, अहो, नवी माळ आणा की. पप्पा म्हणायचे, एकच तर गेलाय.

कारखान्यातले त्यांचे सोबती सोपा उपाय सांगत: बिघडलेला होल्डर कापून टाका आणि दोन वायरी जोडा, माळ लागते. लागतेच. पण मग त्या एकाचा वाटा उरलेल्यांवर पडतो, ते आधीपेक्षा जास्त उजळतात आणि लवकर जातात. पप्पांनी होल्डर कधी कापला नाही. वायर उंदराने कुरतडली, कुठे वाकून तुटली, तर तिथे पीळ देऊन वर टेप. टेपचा रंग त्या वर्षी खिशात जो असेल तो. लाल, पिवळा, निळा, थ्री-फेजचे तीन रंग. माळ पूर्ण उलगडली की या रंगीत गाठी दिसतात, आणि मला एकेक गाठ लागलेली आठवते. पिवळी लावली तेव्हा ते रात्रपाळीहून आले होते आणि डोळे मिटत होते. निळी लावली तेव्हा आई दवाखान्यात होती.

आई गेल्यावर त्यांनी गोठाही स्वतः मांडला, सांदणही स्वतः केले. ते फुगले नाहीत. आम्ही खाल्ले.

गोठा हे आईचं राज्य होतं. भात झोडून झालेला पेंढा गावातल्या एका वारली कुटुंबाकडून यायचा, आणि नाताळच्या आधी पंधरा दिवस बशीत नाचणी पेरली जायची, म्हणजे गोठ्याभोवती हिरवं कुरण. शेजारच्या काकूंना त्याचं अप्रूप नव्हतं. त्यांच्या घटाला नवरात्रात धान उगवायचंच. गोठ्याची ही परंपरा सुरू केली ती संत फ्रान्सिसने असं मानतात, इटलीतल्या ग्रेच्चो गावात, १२२३ साली. त्याने मूर्ती मांडल्या नव्हत्या. खराखुरा चारा आणि खरे बैल-गाढव उभे केले होते, गावकऱ्यांना जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. गंमत म्हणजे शुभवर्तमानात या जन्माच्या वेळी बैल नाही, गाढवही नाही. लूक फक्त गव्हाणीचा उल्लेख करतो. जनावरं यशया संदेष्ट्याच्या ओळींतून पुढे लोकांनी आणली. आपला धनी ओळखणारा बैल, आपल्या धन्याची गव्हाणी ओळखणारं गाढव. राजे तीनच होते असंही मत्तय कुठे म्हणत नाही. माणसांना जे असावंसं वाटलं ते त्यांनी प्रेमाने त्या गोठ्यात आणून ठेवलं, आणि मला यात काही वावगं वाटत नाही. मराठीत तर ही जन्मकथा ओवीबद्ध झाली आणि १६१६ साली रायतूरला छापलीही गेली, फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त. आमच्या आईने तिच्या गोठ्यात एक मातीची कोंबडी ठेवली होती. पेंढा आहे तिथे कोंबडी येणारच, हा तिचा युक्तिवाद.

गाढवाचा डावा कान एम-सीलचा आहे. तो रंगवायचा राहून गेला आणि करडाच राहिला. मारियेच्या निळ्या शालीला आईने पोस्टर कलरचे इतके हात दिले आहेत की घड्या बुजल्या आहेत. एका मेंढपाळाच्या हातातली काठी म्हणजे अगरबत्तीची काडी. बाळयेशू निव्हियाच्या डबीत, कापसात. तो चोवीसच्या रात्री मिस्साहून आल्यानंतरच बाहेर निघायचा, तोवर गव्हाणी रिकामी. घरातल्या सर्वांत धाकट्याने त्याला ठेवायचं. बरीच वर्षं तो मान माझ्या भावाचा होता, आणि मी त्याचा हेवा केला आहे.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, आम्ही नंदाखालला जातो. झेंडू, शेवंती, मेणबत्त्या. पूर्वी विरार-डहाणू शटलने जायचो, २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. आमच्याकडे बहुतेकांच्या कबरी कायमच्या नसतात. काही वर्षांनी तीच माती पुढच्या माणसासाठी उघडली जाते. लहानपणी मला हे भयंकर वाटायचं. आता वाटत नाही, पण त्यामुळे एक झालं आहे: आईपप्पा नेमके इथे आहेत, असं बोट ठेवावं अशी जागा मला मातीत सापडत नाही. नोव्हेंबरात मेणबत्ती लावते ती एका भागावर, अंदाजाने. आणि डिसेंबरात खोका उघडते तेव्हा अंदाज लागत नाही. करड्या कानावर अंगठ्याचा ठसा आहे. एम-सील ओलं असताना दाबल्याचा. पप्पांच्या अंगठ्याचा.

काचेच्या फळांवरून आमच्या घरात वाद झाला. ती आता थोडीच उरली आहेत. अशी फळं पहिल्यांदा जर्मनीत थुरिंगियातल्या लाउशा गावी फुंकली गेली, एकोणिसाव्या शतकात. काच पापुद्र्यासारखी पातळ आणि आतून चांदीचा मुलामा. आमच्याकडची हवा खारी, त्यात कारखान्यांची. जिथे टोपी सैल झाली तिथून हवा शिरते आणि मुलामा काळवंडतो. भावाचं म्हणणं, ती आता लावू नकोस, फ्रेममध्ये बंद करून भिंतीवर ठेवू. माझं म्हणणं वेगळं. आईने एकही फळ जपून ठेवलेलं मला आठवत नाही. फुटलं की ती आधी आमचे पाय बघायची, मग केरसुणी आणायची. रागावली नाही कधी. जी वस्तू वापरात नाही ती मोडणार नाही, हे खरं. पण मग ती जोडायचीही वेळ येणार नाही, आणि जोडल्याशिवाय ती आमची होणार नाही, जशी त्यांची झाली. गेल्या वर्षी एक फळ पडलं आणि फुटलं. तुकडे मी गोळा केले, टाकून दिले. वाईट वाटलं. तरी यंदाही लावणार आहे.

भावाची मुलं मोठी होताहेत, आणि त्यांनी गोठा आमच्याकडे वर्षातून एकदा येऊन बघावा हे बरोबर नाही, असं आता मलाही वाटू लागलं आहे. म्हणून ठरलं की गोठा एक वर्ष इथे, एक वर्ष त्याच्याकडे पालघरला. मूर्ती, कोंबडी, निव्हियाची डबी सगळं जाईल. तीन राजांचा सण झाला, सहा जानेवारी, की परत येईल आणि कागद तेच राहतील, अशी अट मी घातली आहे. नाचणी त्यांनी पेरायची. चांदणी सालवडलाच, कारण तिला गॅलरी लागते आणि चाळीतल्यांना तिची सवय आहे.

माळ मात्र यंदा देत नाही. तिचा चौथा होल्डर सैल आहे, दिवा थोडा डावीकडे दाबून धरला तरच लागतो, आणि हे लिहून कळवण्यासारखं नाही. भाच्याला शनिवारी बोलावलं आहे. टेस्टर घेऊन ये म्हटलंय. टेप माझ्याकडे आहे, लाल.