पाण्यावर चालणारे संगणक

‘शाश्वत’ हा शब्द आमच्या लहानपणी फक्त कीर्तनात भेटत असे. देह नाशिवंत आणि आत्मा शाश्वत, एवढाच त्याचा संसार. अलीकडे मात्र तो बुवांच्या हातून निसटून थेट कंपन्यांच्या अहवालांत जाऊन बसला आहे. शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत पर्यटन. परवा तर एका निमंत्रणपत्रिकेवर ‘शाश्वत विवाहसोहळा’ असे छापलेले वाचले. मला वाटले, वधूवरांनी सात जन्मांची लेखी हमी दिली असावी. चौकशी केली तेव्हा कळले की जेवण पत्रावळीवर होते!

हा शब्द माझ्याही दारात येऊन उभा राहील असे मला कधी वाटले नव्हते. बीडसारख्या गावात मी आणि माझे एक भागीदार मिळून संगणक-सेवेची एक लहानशी कंपनी चालवतो. ‘कंपनी’ हा आपला म्हणायचा शब्द. चौदा माणसे, भाड्याचा एक मजला आणि वर गच्ची. दवाखान्यांचे हिशेब, शाळांचे निकाल, दूध संकलन केंद्रांच्या नोंदी यांसाठी आम्ही संगणकाची व्यवस्था लावून देतो, आणि ती बिघडली की शिव्या खातो. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे कामही आमच्याकडे आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार वेळेवर होतात ते मुख्यतः त्या कामाच्या जोरावर.

दोन वर्षांपूर्वी या पुण्याच्या कंपनीकडून एक प्रश्नपत्रिका आली. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून ‘सेबी’ने पर्यावरण आणि समाज यांविषयीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला आहे. मोठ्यांना विचारले की मोठे आपल्या पुरवठादारांना विचारतात, आणि असे करत करत प्रश्न बीडला पोचतो. वीज किती वापरता? पाणी किती? कचरा कुठे टाकता? वर्षाला किती माणसे नोकरी सोडून जातात? खाली एक ओळ होती : समाधानकारक उत्तरे देणाऱ्या पुरवठादारांना पुढील करारात प्राधान्य मिळेल. हिचा अर्थ आम्हा दोघांनाही न सांगता कळला.

माझे भागीदार मूळचे हिशेबाचे. त्यांनी कागद एकदा वरून खाली पाहिला आणि म्हणाले, “अहो, आपण धूर सोडत नाही, नदीत काही ओतत नाही, झाडे तोडत नाही. लिहून टाका, निरंक!”

त्यांचे म्हणणे वरकरणी खरेच होते. संगणकाइतका सोवळा धंदा दुसरा नाही. ना चिमणी, ना सांडपाणी. पण आम्ही राहतो बीड जिल्ह्यात, आणि आमची चिमणी आम्हाला दिसते. ती परळीला आहे.

परळी म्हणजे तुम्हा मंडळींना वैजनाथ. आम्हाला वैजनाथाइतकेच परळीचे औष्णिक वीज केंद्रही ओळखीचे. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर जनित्र फिरते, आणि वापरलेली वाफ थंड करायला पुन्हा पाणीच लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी संपले म्हणून हे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच पाळी. २०१६ च्या उन्हाळ्यात तर आमच्याच केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विजेला पाणी लागते हे मुंबईच्या माणसाला पुस्तकात वाचावे लागत असेल. आम्हाला ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचायला मिळाले.

तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमचे चौदा जुने डेस्कटॉप, पडद्यासकट प्रत्येकी सुमारे १२० वॉट. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस. गुणाकार केला तर ३३६ युनिटे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. हा आकडा भागीदारांना हलवू शकला नाही. हवेचे बिल येत नाही. मग मी दुसरा आकडा मांडला. २०१५ साली केंद्र सरकारने नियम केला की जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावे. नियम पाळला गेला असे धरले, तरी ३३६ युनिटांचे झाले ११७६ लिटर.

“म्हणजे जवळजवळ सहा टिपाडे!” भागीदार म्हणाले. टँकरच्या दिवसांत दोनशे लिटरच्या टिपाडासाठी रांग धरलेला माणूस. त्यांना कर्बवायू दिसला नव्हता, टिपाडे लगेच दिसली. तारेतून आलेली वीज परळीची की चंद्रपूरची की कुणाच्या पवनचक्कीची, हे तारेला ठाऊक नसते, हे खरे. पण आमचे संगणक थोडेफार पाण्यावर चालतात हे त्या दिवशी कचेरीत मान्य झाले, आणि ‘निरंक’ खोडले गेले.

पहिला प्रश्न यंत्रांचा. दुकानदाराने चौदा नव्या कोऱ्या संगणकांचा भाव दिला. परंतु लॅपटॉप आयुष्यभरात जेवढा कर्बवायू हवेत सोडायला कारण होतो, त्यातला मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच सुटलेला असतो. वीज वाचवायला नवे यंत्र घेणे म्हणजे पाणी वाचवायला नवी विहीर खणण्यासारखे. आम्ही मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षांत काढून टाकलेले लॅपटॉप घेतले, बॅटऱ्या बदलल्या, मेमरी वाढवली. ते सरासरी चाळीस वॉटवर चालतात. ३३६ ची ११२ युनिटे झाली. महिन्याला जवळजवळ चार टिपाडे वाचली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. जगभरची चांगली चालती यंत्रे एका तारखेला म्हातारी ठरली. आमच्यातली नऊ त्यांत होती. त्यांवर आमच्या मुलांनी ‘लिनक्स’ ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली. पहिला आठवडा कुरकुर झाली, दुसऱ्या आठवड्यात ती विसरली गेली.

दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरचा मजला म्हणजे तवाच. एसीचा भाव विचारण्याआधी आम्ही गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला भौतिकशास्त्र न शिकता माहीत होते. मग ठरले, सकाळची कचेरी! मराठवाड्यातल्या मुलांना उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तशी आमची कचेरी सात ते दीड. पुण्याच्या साहेबांची परवानगी काढताना मला धाकधूक होती, कारण हे गिऱ्हाईक गेले असते तर चार माणसांना घरी बसवावे लागले असते. पण त्यांनी दोन महिने करून बघायला सांगितले. त्यांची माणसे दहाला कचेरीत येत, तेव्हा आदल्या दिवसाच्या निम्म्या तक्रारी मिटलेल्या असत. आता ही वेळ करारातच लिहिलेली आहे.

तिसरा प्रश्न सूर्याचा. गच्चीवर सौर पट्ट्या बसवायच्या तर मीटर घरमालकांच्या नावाचे, संमती त्यांची. त्यांचे प्रश्न रास्त होते. “उद्या तुम्ही जागा सोडलीत, तर? छत गळले, तर? आणि उन्हाळ्यात आम्ही झोपायचे कुठे?” तीन बैठका आणि सहा कप चहा झाल्यावर अर्धी गच्ची मिळाली. तीन किलोवॉटच्या पट्ट्या बसल्या. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे हा साधारण आडाखा; पावसाळी आभाळात तो उतरतो, मार्चमध्ये चढतो. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. महावितरणच्या तारेशी जोडलेली ही साधी यंत्रणा, तारेतली वीज गेली की स्वतःही बंद पडते. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशी केलेली असते. लख्ख ऊन आणि कचेरीत अंधार हा चमत्कार आम्ही पाहिला आहे. तेव्हा बॅटऱ्या काही सुटल्या नाहीत.

आणि खरे भांडण झाले ते बॅटऱ्यांवरूनच. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत संपतात. जुन्या बॅटरीला भंगारवाला रोख आणि चांगला भाव देतो. आमच्याकडे हा पैसा एका डब्यात पडत असे, आणि त्यातून दिवाळीला मुलांना मिठाई व पाकीट मिळे. पण अशा बॅटऱ्या पुष्कळदा उघड्यावर फुटतात, आम्ल नाल्यात जाते, शिसे कुठल्यातरी भट्टीत वितळते. आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे अपायकारक. नाला मिळतो बिंदुसरेला, बिंदुसरा सिंदफणेला. सिंदफणेवर माजलगावचे धरण, आणि माजलगावचे पाणी बीडच्या नळाला! २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला त्या परत देऊन पावती घ्यायची, एवढेच काम. पण भाव कमी.

“तत्त्व तुमचे आणि मिठाई मुलांची!” भागीदार कडाडले. आठ दिवस आम्ही कामापुरते बोललो. त्यांचे चुकत नव्हते. मालकाच्या सद्‌वर्तनाची किंमत नोकराने मोजावी, ही रीत फार जुनी आहे, आणि ती शाश्वत होऊ नये. अखेर तोड निघाली : विजेच्या बिलात वर्षभरात जे वाचेल, त्यातला अर्धा वाटा त्या डब्यात. त्या दिवाळीला पाकीट आधीपेक्षा जाड निघाले. तेव्हापासून रिकाम्या खोलीतला पंखा मला बंद करावा लागत नाही.

जुन्या चौदा डेस्कटॉपांपैकी पाच चालते होते, ते एका शाळेला गेले. उरलेले नऊ परवानाधारक पुनर्वापर कंपनीकडे, ट्रकभाडे आमचे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निघाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर हाताळल्याची नोंद नाही. त्या डोंगरातून आमचे नऊ खडे कमी झाले. कमी तर झाले!

राहिला प्रश्न माणसे सोडून जाण्याचा, आणि मला विचाराल तर तोच खरा. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने! आमच्याकडची धारूर तालुक्यातली एक मुलगी अशाच घरातली. तिच्या पगारावर धाकटा भाऊ गावी राहून शाळा शिकतो. आईवडील मात्र अजून जातात. तिला पुण्याहून दीडपट पगाराचे बोलावणे आले होते. तिने वहीत खोलीभाडे, खानावळ, बसभाडे मांडले, खाली रेघ ओढली आणि राहिली. आम्ही तिचा पगार वाढवला, तोही त्या वहीकडे पाहूनच.

आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांची हकीगत पुष्कळांनी वाचली असेल. इन्फोसिसच्या अतिथिगृहात पडेल ते काम करणारा हा तरुण पुढे चित्रांकन शिकला, आणि २०२० च्या टाळेबंदीत पुण्याचा गाशा गुंडाळून गावाकडे गोठ्यात कचेरी थाटून बसला. तिथून त्याच्या ‘डूग्राफिक्स’ने २०२४ साली पडद्यावर एक कोटीचे भांडवल मिळवले. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात ‘झोहो’ने २०११ पासून कचेरी चालवली आहे. काम माणसांकडे नेता येते, हे यांनी दाखवले. जे काम तारेवरून जाते, त्यासाठी माणसाने ट्रकमधून जाण्याचे कारण नाही.

प्रश्नपत्रिका आम्ही भरून पाठवली. शून्य कुठेच लिहिले नाही. करार वाढला, उत्तरांमुळे की दरामुळे, हे विचारायला आम्ही गेलो नाही. आता दर महिन्याला भिंतीवर एक कागद लागतो : युनिटे, टिपाडे, परत केलेल्या वस्तू. टिपाडांचा रकाना भागीदार स्वतःच्या हाताने भरतात.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरची साफसफाई आटोपली असेल. माळ्यावरून एक फुगलेली बॅटरी, तीन मुके फोन आणि कोणत्याच यंत्राला न लागणारे चार्जर निघाले असतील, आणि ते दाराशी एका पिशवीत भंगारवाल्याची वाट पाहत असतील. त्याला रद्दी खुशाल द्या, लोखंड द्या. ती पिशवी मात्र बाजूला ठेवा, आणि फराळाच्या ताटाइतक्याच अगत्याने ती योग्य घरी पोचती करा.